मागच्या महिन्याचा हिशेब

वादीभसिंहसूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’त आलेली जीवंधरकुमाराची कथा जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. यज्ञासाठी सिद्ध केलेल्या अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरणप्राय मारले. त्या वाटेने जाणाऱ्या राजपुत्राच्या दृष्टीस तो पडला. पण उपचाराची वेळ निघून गेली होती. तेव्हा कुमाराने त्या मुक्या जीवाच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. शांत परिणामांनी देह सोडून तो कुत्रा सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि पुढे कुमाराच्या संकटकाळी उपकार स्मरून धावून आला. कथेचा बोध सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील एका गोष्टीचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. राजपुत्राजवळ मंत्राशिवाय देण्याजोगे दुसरे काही उरले नव्हते, कारण तो पोहोचला तेव्हा उशीर झालेला होता.

कुत्रा पाळणाऱ्या आजच्या गृहस्थाची स्थिती तशी नाही. निदान एका रोगाच्या बाबतीत तरी तो कित्येक महिने अगोदर पोहोचू शकतो. पोहोचायचे की नाही, एवढेच त्याच्या हाती असते.

भातकुली हे भगवान आदिनाथांचे अतिशय क्षेत्र म्हणून वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. अशा कोणत्याही तीर्थाच्या गावी मंदिराच्या वाटेवर आणि दुकानांच्या ओट्यांशी कुत्री दिसतात. त्यांतील काही कोणाचीच नसतात आणि म्हणून सर्वांची असतात. सकाळच्या पोळीतला तुकडा त्यांना ठरलेला असतो. काही मात्र घराची असतात. पूर्वी व्यापारी घरचा कुत्रा म्हणजे गोदामाचा राखणदार. तुरीची, हरभऱ्याची, सरकीची पोती रचलेल्या वखारीच्या दाराशी तो रात्रभर जागा असे. अलीकडे अमरावती-अकोल्याच्या सदनिकांत नातवंडांच्या हट्टापायी लॅब्रॅडॉर, पग, पामेरियन आले आणि घरचेच झाले. राखणदार असो वा लाडका, त्याच्या आरोग्याचा विचार बहुतेक घरांत रेबीजच्या लशीपाशी थांबतो. लस टोचली, कागद फाईलला लावला, कर्तव्य संपले.

ज्या रोगावर लसच नाही, असाही एक रोग आहे. तो डासांमार्फत येतो, महिनोन्‌महिने कोणतीही खूण न दाखवता शरीरात वाढतो आणि शेवटी हृदय व फुप्फुसांना ग्रासतो. त्याला हार्टवर्म म्हणतात. मराठीत हृदयकृमी म्हणता येईल. त्याचे सारे मर्म वेळेच्या हिशेबात आहे, आणि हिशेब हा तर व्यापारी घराचा नित्याचा विषय.

डास, अळी आणि हृदय

या कृमीचे शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस. विदर्भाला दुर्दैवाने परिचित असलेल्या हत्तीरोगाच्या कृमीचा हा भाऊबंद. हत्तीरोगाचा कृमी डासाच्या देहात वाढतो, हे पॅट्रिक मॅन्सन या वैद्याने १८७७ च्या सुमारास चीनमधील अमॉय बंदरी राहून दाखवून दिले. कुत्र्याच्या हृदयकृमीचा वाहकही डासच आहे, हे १९०० च्या आसपास इटली आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सिद्ध केले. म्हणजे रोगाची वाट सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे.

ही वाट अशी. बाधित कुत्र्याच्या रक्तात कृमीची सूक्ष्म पिल्ले फिरत असतात. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डास त्या कुत्र्याचे रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात. उबदार हवेत साधारण दहा ते चौदा दिवसांत डासाच्या शरीरातच त्यांची वाढ होऊन ती संसर्गक्षम अळ्या बनतात. असा डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की अळ्या चाव्याच्या जखमेवाटे त्याच्या कातडीत शिरतात. डास मधे नसेल तर रोग पुढे जात नाही. बाधित कुत्र्याला हात लावल्याने, त्याच्याशी खेळल्याने, त्याचे ताट दुसऱ्या कुत्र्याने चाटल्याने हा रोग होत नाही. गल्लीतील कुत्र्याला दगड मारून घरचा कुत्रा सुरक्षित होत नाही, ही गोष्ट येथेच स्पष्ट व्हावी.

कातडीखाली शिरलेली अळी पहिले काही आठवडे तेथेच राहते, कात टाकते, रूप बदलते. साधारण पन्नास दिवसांनंतर ती कोवळ्या कृमीच्या अवस्थेत जाते आणि मग रक्तवाहिन्यांतून प्रवास करीत अडीच ते चार महिन्यांत फुप्फुसाच्या धमनीत पोहोचते. सहा-सात महिन्यांनी ती प्रौढ होते आणि स्वतः पिल्ले सोडू लागते. मादी कृमी पंचवीस ते तीस सेंटीमीटर लांब वाढते, शिजलेल्या शेवईसारखी दिसते आणि पाच ते सात वर्षे जगते. एका कुत्र्यात अशा कृमींची संख्या एखाद-दुसऱ्यापासून कित्येक डझनांपर्यंत असू शकते.

एवढे सारे आत घडत असता बाहेरून काहीच कळत नाही. पुढे हलका, कोरडा खोकला सुरू होतो. जिना चढताना धाप लागते. पूर्वी मालकाच्या आधी फाटकापाशी पोहोचणारा कुत्रा मागे रेंगाळू लागतो. घरचे म्हणतात, वय झाले. मग वजन घटते, पोटात पाणी भरते, क्वचित भोवळ येते. फार वाढलेल्या रोगात कृमींचा गुंता हृदयाच्या उजव्या कप्प्यातच अडकतो, लघवी गडद होते आणि कुत्रा एकाएकी कोसळतो. त्या अवस्थेत मानेच्या शिरेतून उपकरण घालून कृमी बाहेर काढणे एवढाच उपाय राहतो, आणि तोही सर्वत्र उपलब्ध नसतो.

रोग कोठे आहे

येथे भीती न घालता वस्तुस्थिती सांगणे आवश्यक आहे. भारतात हृदयकृमीच्या नोंदी मुख्यतः ईशान्येकडील आहेत. आसाम, मिझोराम आदी राज्यांतील कुत्र्यांत तो आढळल्याचे पशुवैद्यकांनी वेळोवेळी नोंदविले आहे. देशाच्या इतर अनेक भागांत, विशेषतः केरळात, त्याचा जवळचा नातलग डायरोफायलेरिया रेपेन्स अधिक सापडतो. तो हृदयात जात नाही, कातडीखाली राहतो. त्यामुळे कुत्र्याला तितका घातक नसतो. मात्र डासामार्फत तो कधीकधी माणसाच्या कातडीखाली वा डोळ्यात आढळतो, आणि केरळातील नेत्रवैद्यांना हा अनुभव नवा नाही. खुद्द वऱ्हाडात कुत्रा सुस्त पडला, अन्न सोडले, तर त्यामागे गोचिडांमार्फत येणारे एहर्लिकिया किंवा बबेसियाचे आजार असू शकतात. हे आजार महाराष्ट्रात पुरेसे परिचित आहेत. म्हणून लक्षणे पाहून घरच्या घरी ‘हार्टवर्म’ असा निवाडा देणे चूक, आणि ‘आपल्याकडे हे नसतेच’ असे म्हणून निश्चिंत होणेही चूक.

निश्चिंत होणे चूक का, याचे उत्तर जैन व्यापारी कुटुंबांच्या नकाशातच आहे. गुवाहाटी, दिब्रुगढ, दिमापूर येथे जैन पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वऱ्हाडातील घरांची सोयरीक तेथपर्यंत पोहोचते, मुले शिकायला-नोकरीला जातात, कुटुंबे बदलीने वा धंद्याच्या निमित्ताने परत येतात, आणि आता त्यांच्याबरोबर घरचा कुत्राही येतो. परदेशी स्थायिक झालेली मुले तर कुत्र्याला विमानाने घेऊन येतात. अमेरिकेच्या सर्व पन्नास राज्यांत हृदयकृमी सापडलेला आहे. कुत्रा प्रवास करतो तेव्हा त्याच्या रक्तातील पिल्लेही प्रवास करतात, आणि नव्या गावचे डास त्यांच्या स्वागताला असतातच. २००५ साली कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्स परिसरातील निराधार कुत्री करुणेपोटी अमेरिकेच्या दूरदूरच्या राज्यांत दत्तक दिली गेली. त्यांतील अनेकांना हृदयकृमीची बाधा होती, आणि ज्या भागांत हा रोग विरळ होता तेथील पशुवैद्यकांनाही त्याचा विचार करावा लागला. करुणा योग्यच होती. तिच्या जोडीला रक्ततपासणी हवी होती.

खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातील गोडे पाणी

रोगाची पहिली पायरी डास आहे. म्हणून पहिला उपायही तेथेच. भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे, पिण्यास अयोग्य. त्यामुळे या पट्ट्यातील घराला साठवणीची सवय पिढीजात आहे. नळाला पाणी आले की रांजण, ड्रम, हौद, गच्चीवरील टाकी असे सर्व भरून ठेवायचे. साठविलेले गोडे पाणी ही येथली संपत्तीच. पण उघडे राहिले तर तेच डासांचे पाळणाघर होते. त्यात काळी माती पावसाळ्यात पाणी लवकर जिरू देत नाही. वखारीमागच्या चाकोरीत, तुंबलेल्या नालीत ते आठवडेच्या आठवडे उभे राहते. उन्हाळ्यात बाहेर सारे करपलेले असताना कूलरच्या टाकीत पाणी असतेच. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो.

थंडीत डास संपतात, असाही समज आहे. डासाच्या देहात हृदयकृमीची वाढ थांबण्यासाठी तापमान साधारण चौदा अंशांच्या खाली राहावे लागते. वऱ्हाडात पौषातील रात्री गारठल्या तरी दिवसरात्रीची सरासरी बहुधा त्याहून वरच असते. म्हणजे या प्रदेशाला रोगाच्या दृष्टीने सुट्टीचा हंगाम मिळत नाही.

जैन घराला येथे नवे काही शिकावे लागत नाही. पाणी गाळून घ्यावे, झाकून ठेवावे, हा आचार तर घरातच आहे. तो पिण्याच्या माठापुरता न ठेवता ड्रम, हौद, कूलर आणि कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत न्यावा, एवढेच. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते: त्या दिवशी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून पुन्हा भरायची. डासाला अंडी घालण्यास जागाच मिळाली नाही तर पुढे धूर करणे, फवारणी करणे, पाण्यात गप्पी मासे सोडणे ही वेळ येत नाही. जीव जन्मून मग मारावा लागण्यापेक्षा त्याच्या जन्माला निमित्तच न देणे, हे अहिंसेच्या अधिक जवळचे आहे.

दुसरी गोष्ट कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेची. क्युलेक्स जातीचे डास रात्री चावतात. सदनिकेतील लॅब्रॅडॉर जाळीच्या खिडकीआड झोपतो. गोदामाचा राखणदार नालीच्या काठी, साखळीने बांधलेला असतो. धोका कोणाला अधिक, हे सांगावे लागत नाही. मोकळा कुत्रा डास फार झाले की उठून वाऱ्याच्या जागी जातो. बांधलेला कोठे जाणार? अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत पहिला ‘बंध’ सांगितला आहे, तो उगाच नव्हे. ज्याला बांधले त्याचे पळण्याचे सामर्थ्य काढून घेतले. म्हणून त्याच्या रक्षणाचा भार बांधणाऱ्यावर आला. जाळीचा निवारा, उंचावरची कोरडी जागा, शक्य तर पंखा, ही चैन नाही, तो त्या भाराचा हप्ता आहे. माणसांसाठीची डास पळविणारी मलमे मात्र कुत्र्याला लावू नयेत. तो अंग चाटतो आणि ते औषध पोटात जाते.

गोळी कशासाठी

झाकण कितीही घट्ट असले तरी गावातला प्रत्येक डास थांबत नाही. म्हणून जेथे रोगाचा संभव आहे तेथे पशुवैद्यक प्रतिबंधक औषध देतात. आयव्हरमेक्टिन हे त्यांतील सुप्रसिद्ध. ज्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या शोधातून हे औषध आले. कुत्र्यांच्या हृदयकृमीविरुद्ध ते १९८७ पासून वापरात आहे. मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन ही त्याच कुळातील इतर औषधे.

या औषधाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की, आज गोळी दिली म्हणजे पुढचा महिना कुत्र्याभोवती कवच उभे राहिले. महिन्याच्या गोळीचे काम बहुतांशी उलट्या दिशेने चालते. गेल्या महिन्याभरात डासांनी ज्या अळ्या कातडीत सोडल्या, त्या कोवळ्या असतानाच ती नाहीशा करते. म्हणजे ती पुढच्या महिन्याचा विमा नसून मागच्या महिन्याचा हिशेब चुकता करणे आहे. म्हणूनच तारीख महत्त्वाची. हप्ता वेळेवर भरला तर खाते स्वच्छ. एक महिना चुकला, दुसरा चुकला, की पन्नाशी ओलांडलेल्या अळ्या या औषधाला पुरेशी दाद देत नाहीत. बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते खाते अनुत्पादक ठरते आणि मग साध्या हप्त्याने काम भागत नाही. येथे मुदत त्याहूनही कमी आहे, आणि वसुली धमनीतून होते.

व्यवहाराचे नियम थोडे आहेत. पण ते पाळावे लागतात.

पहिला, तपासणी आधी, औषध नंतर. सात महिन्यांहून मोठ्या कुत्र्याला औषध सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. रक्तात पिल्ले आधीच असतील तर औषधाने ती एकदम मरून कुत्र्याला तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. तपासणी दोन प्रकारची असते. सूक्ष्मदर्शकाखाली पिल्ले दिसतात. पण हृदयकृमीची पिल्ले कोणती आणि कातडीखालच्या कृमीची कोणती, हा भेद जाणत्या नजरेलाच करता येतो. दुसरी तपासणी मादी कृमीच्या विशिष्ट प्रथिनाची. ती बाधेनंतर पाच-सहा महिन्यांनीच खरे उत्तर देते. म्हणून आसामातून वा परदेशातून आलेल्या कुत्र्याची तपासणी आल्यावर एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा करावी. पुढे वर्षातून एकदा.

दुसरा, मात्रा वजनावर आणि पशुवैद्यकाच्या हातून. खेड्यात आयव्हरमेक्टिनचे गुरांचे इंजेक्शन सहज मिळते आणि ‘तेच तर औषध’ म्हणून अंदाजाने कुत्र्याला टोचले जाते. हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी कुत्र्याला किलोमागे सहा मायक्रोग्रॅम पुरतात. गुरांची मात्रा किलोमागे दोनशे. हा तीसपटीहून अधिक फरक आहे. कॉलीसारख्या मेंढपाळ जातींत काही कुत्र्यांना जन्मतःच हे औषध मेंदूपर्यंत पोहोचू देणारा दोष असतो. त्यांना जादा मात्रा जीवघेणी ठरते.

तिसरा, वेष्टन वाचावे. कुत्र्याला आवडावी म्हणून चघळण्याच्या पुष्कळ गोळ्यांत गोमांसाचा वा इतर मांसाचा स्वाद घातलेला असतो. जैन घरात ही वस्तू नकळत येते आणि कळल्यावर मग औषधच बंद होते. पुढचा हप्ता चुकतो तो येथे. मार्ग उपलब्ध आहेत: साधी गोळी, किंवा मानेवर कातडीवर सोडावयाचे थेंब. पहिल्याच भेटीत पशुवैद्यकाला घराचा आचार स्पष्ट सांगावा. त्यात संकोच कसला?

चौथा, तारीख ठरवून वहीत लिहावी. ज्या दिवशी घराचे भाडे वा मुलांची फी जाते, त्या दिवशी ही गोळी. पिल्लाची सुरुवात साधारण आठ आठवड्यांपासून होऊ शकते.

वऱ्हाडातील प्रत्येक कुत्र्याला ही गोळी हवीच काय? याचे उत्तर पशुवैद्यकाने द्यावयाचे आहे: कुत्रा कोठून आला, कोठे झोपतो, कोठे प्रवास करतो आणि रक्त काय सांगते, यावरून. शंका राहिल्यास अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची ही संस्था भातकुलीहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे.

हप्ता चुकल्यावर

प्रौढ कृमी झाल्यावरही उपचार आहे. तो सोपा नाही. प्रथम महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, कारण या कृमींच्या पोटात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते गेले की कृमी दुबळे होतात. त्यानंतर मेलार्सोमिन या औषधाची इंजेक्शने कमरेच्या खोल स्नायूत द्यावी लागतात: एक, मग महिन्याने लागोपाठ दोन दिवस दोन. हे औषध आर्सेनिकयुक्त आहे. आर्सेनिक म्हणजे सोमल. विष म्हणूनच ते ओळखले जाते. सर्व ठिकाणी ते मिळत नाही, आणि मिळाले तरी धोका तेथे संपत नाही. मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. म्हणून कित्येक आठवडे कुत्र्याला धावू, उडी मारू, जिना चढू द्यायचे नाही. घरातील मुलांना पाहून शेपटी हलवत धावणाऱ्या प्राण्याला ‘बैस’ म्हणून महिने बसवून ठेवणे किती कठीण, हे ज्याने केले त्यालाच कळते. धमन्यांना झालेली इजा तर पुष्कळदा कायमची राहते.

हिंसेचा हिशेब

वडीलधाऱ्यांच्या मनात येथे एक प्रश्न उठतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. अळ्या हेही जीव आहेत. त्यांना मारणारी गोळी दर महिन्याला स्वतःच्या हाताने द्यायची, ही हिंसा नव्हे काय?

नव्हे असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. जीव जातो तेथे हिंसा आहे. आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले. मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा सोडावी आणि उरलेल्या तिन्ही विवेकाने कमी करत जाव्यात, अशी त्यांची दृष्टी आहे. आश्रित जीवाच्या रक्षणासाठी दिलेले औषध कोणत्या रकान्यात बसते, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारून करावा. परंतु निर्णय करताना जमाखर्चाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात. एका बाजूला गोळी: तिच्यात काही कोवळ्या अळ्यांचा घात. दुसऱ्या बाजूला गोळी न देणे: त्यात वर्षानुवर्षे कुत्र्याची घुसमट, पुढे सोमलाने प्रौढ कृमींचा घात, आणि दरम्यान त्याच्या रक्तातून डासांना मिळालेली व डासांमार्फत इतर कुत्र्यांना वाटली गेलेली पिल्ले. काहीच न करणे म्हणजे अहिंसा, हा समज या ताळेबंदात टिकत नाही. आणि या दोन्हींच्या वर तिसरा मार्ग आहेच, ज्यात कोणाचाच घात नाही: झाकलेले पाणी, कोरडी नाली, जाळीचा निवारा. तो मार्ग जितका पुरा पाळला जाईल, तितके गोळीचे काम हलके होईल.

कायद्यालाही हेच अपेक्षित आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या कुशलतेची जबाबदारी टाकली आहे. श्रावकाला मात्र कलमाची आठवण करून द्यावी लागू नये. ज्या धर्मकथेत कुत्रा यक्ष होऊन उपकार फेडतो, ती ऐकत वाढलेल्या घराला अंगणातील कुत्रा केवळ राखणदार वाटणे शक्य नाही.

जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याला जे दिले, ते त्या घडीला देता येण्याजोगे सर्वश्रेष्ठ होते. ती घडी आपल्या दारी येऊच न देण्याची सोय आजच्या गृहस्थाला लाभली आहे. त्यासाठी राजपुत्र असावे लागत नाही. ड्रमवर झाकण, वर्षाकाठी रक्ताची एक तपासणी, आणि वहीत लिहिलेली महिन्याची एक तारीख, एवढे पुरते.